खोगिराचं अस्तर

२ ऑक्टोबर

आले एकदाची! किल्ली फिरवली आणि माझं दार मीच उघडलं. घर म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि धूर कोंडणारी चूल. पण मागे रान आहे. ओढ्यापासून थेट कड्यापर्यंत ओक, हिकरी, पॉपलरची झाडं, आणि ते सगळं कागदोपत्री आर्डिथ मॅकवे नावाच्या बाईचं. म्हणजे माझं. आयुष्यात पहिल्यांदा माझं असं काहीतरी.

माझा थोरला भाऊ ग्लेन, त्याने सामान उतरवून दिलं आणि जाता जाता टोमणा मारलाच. म्हणाला, आर्डी, तुझी मागची खोली रिकामीच ठेवतोय हं, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण येतो, त्याच्या आत परत येशील. घटस्फोटानंतर सहा वर्षं काढली मी त्या मागच्या खोलीत, त्याच्या बायकोच्या इस्त्रीच्या ढिगाशेजारी. मी म्हटलं, थँक्सगिव्हिंगला तूच ये, बायकापोरांना घेऊन. माझ्या रानातलं, मी मारलेलं हरीण वाढते तुझ्या ताटात. यावर तो इतका हसला की गाडी चालू करायची विसरला.

हस बाबा. बापाने दर वर्षी ह्याला शिकारीच्या तळावर नेलं, मला कधी नाही. मी घरी बसून दोघांच्या फाटक्या विजारी शिवायच्या. आता बघच म्हणावं.

५ ऑक्टोबर

खोगीर शिवायला घेतलं. लोखंडी मचाण पाठीवर घेऊन कडा चढणं माझ्या गुडघ्यांना जमायचं नाही, पण झाडावर लटकून बसायचं खोगीर पिशवीत मावतं. कमरेखाली झोळीसारखा रुंद पट्टा, दोन्ही कुशींना भक्कम फास, ते जोडणारा एक आखूड दोर. झाडाभोवती दुसरा दोर बांधायचा, त्याला कडी अडकवायची, पाय खोडाला टेकवायचे आणि मागे रेलून बसायचं. हरीण कुठूनही येवो, हातात धनुष्य घेऊन खोडाभोवती तसं वळता येतं. दुकानात मिळतं तयार. पण अर्धं आयुष्य मोटारींच्या सीटा शिवलेल्या बाईने तयार खोगीर घ्यायचं? मग माझ्या हातांचं काय लोणचं घालायचं?

मशीन ओसरीवर मांडलं. जाड पट्टा, जाड दोरा, आणि जिथे भार येणार तिथे टाक्यावर टाका, पुन्हा टाका. शेजारचा डेल्बर्ट योहो कुंपणावर कोपर टेकून बराच वेळ बघत होता. सत्तरीचा म्हातारा, तोंडात सदा तंबाखू. म्हणाला, ना घोडा ना स्वार, बाई शिवते खोगीर! मी म्हटलं, घोडा हवाय कशाला, झाड पळून जात नाही. खो खो हसला. मग म्हणाला, आमच्या खोऱ्यात झाडावर चढून कुणी शिकार करत नाही गं, आम्ही आपली जमिनीवरची माणसं. मी म्हटलं, म्हणूनच तुमची हरणं म्हातारी होऊन मरतात.

संध्याकाळी त्याची बहीण विल्डा मक्याचा पाव आणि सफरचंदाचा मुरंबा घेऊन आली. हा टोमण्यांचा दंड, असं म्हणाली. बाई मला आवडली.

९ ऑक्टोबर

खोगीर तयार आहे, पण कुशीला रुततं. आतून मऊ अस्तर हवं होतं, आणि ते फुकटात सापडलं!

रान सुरू होतं तिथे एक जुना ओक आहे. त्याच्या खोडाला चिंध्या ठोकलेल्या होत्या, खिळ्यांनी, एकावर एक. आधीच्या मालकाने हद्द दाखवायला ठोकल्या असणार. दिसायला इतकं गबाळं की मला बघवेना. पक्कड घेतली आणि सगळ्या उपटून काढल्या. हातात घेते तर काय, चांगलं जाडजूड फ्लॅनेल! लाल चौकड्यांचं, हिरव्या चौकड्यांचं, काही तर जुन्या काळच्या लोकरीचं. प्रत्येक तुकड्याची एक कड गोल आणि शिवलेली, शर्टाच्या खालच्या घेराची असते तशी. इतके शर्ट कापून कुणी हद्द आखली, देव जाणे. पैसेवाला असेल मेला.

दोन पाण्यांतून धुतल्या. खिळ्यांचा गंज होता, पाणी तांबडं निघालं. वाळवून, दुहेरी करून खोगिराच्या आत शिवल्या. बसून पाहिलं. आहाहा! आजीच्या मांडीवर बसल्यासारखं वाटलं.

१३ ऑक्टोबर

नवं खोगीर आधी गुडघाभर उंचीवर तपासायचं, हा नियम. ओसरीच्या तुळईला दोर बांधून लटकले. विल्डा तेवढ्यात आली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, पाळण्यातलं बाळ दिसतेस गं! आणि बाईने चक्क मला झोके दिले. टाके घट्ट. एकही दोरा हलला नाही.

१७ ऑक्टोबर

हे मी झाडावर बसून लिहितेय. कड्याखालचा उंच सरळ पॉपलर निवडला. खोडाला पट्ट्यांनी शिडीचे तुकडे बांधत चढले, वर पाय टेकायला छोटी फळी लावली, दोर बांधला, कडी अडकवली आणि मागे रेलले. पेन्सिल कमरेला सुतळीने बांधून ठेवली आहे. शिकारी माणूस दिवसभर करतो काय? वाट बघतो. मी वाट बघते आणि लिहिते.

खाली ओढा, पिवळी पानं, माझं घर, माझ्या चुलीचा धूर. खारी इतक्या जवळून गेल्या की मला खोडाचीच गाठ समजल्या असतील. हरीण आलं नाही, तरी चालेल. मला रडू आलं थोडं. इथे कुणी मला उठ म्हणणार नाही.

२३ ऑक्टोबर

एक गंमत. दोर मी झाडावरच ठेवून उतरते, म्हणजे रोज बांधायला नको. आज चढले तर तो हातभर वर. मी डोक्याच्या वर, हात पोचेल इतक्यावर बांधते, आणि आज टाचा उचलाव्या लागल्या. गाठ माझीच. दोर ओला होऊन वर सरकला म्हणावं, तर ओला दोर खाली घसरेल, वर कसा जाईल? असो. माझंच काहीतरी चुकलं असेल.

खोगीरही आज जड लागलं. दव धरलं असणार अस्तराने.

२९ ऑक्टोबर

चुकलं! छान मोठा नर अगदी पायाखाली आला आणि माझा बाण त्याच्या पाठीवरून गेला. घाई केली मी, दुसरं काय. बाण मातीत, स्वच्छ, रक्ताचा थेंब नाही. स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की कड्यावरचे कावळे उडाले.

उतरून घरी येताना डेल्बर्टने कुंपणावरून हटकलं. चेहऱ्यावरून ओळखलं त्याने. दुपारी भाऊबहीण दोघं वाजतगाजत आली, त्याच्या हातात कात्री. म्हणाला, चल, वळ, शर्टाचं शेपूट कापू दे! नेम चुकला की शिकाऱ्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचा घेर, कापायचं, ही चाल सगळीकडेच आहे म्हणे, तळावर भिंतीला लावतात आणि वर्षभर चिडवतात. तळावर कधी कुणी नेलं असतं तर मला माहीत असतं. मी म्हटलं, माझ्या शर्टाला हात लावून तर बघ.

तो हसत हसत टेबलाला टेकला आणि त्याची नजर खोगिरावर गेली. अस्तर वर होतं. हसू तिथेच मावळलं. त्याने एक लाल चौकडी बोटाने चाचपली आणि विचारलं, हे कुठून आणलंस पोरी. मी ओक दाखवला. विल्डाने तोंडावर हात ठेवला.

मग सांगितलं त्याने. या खोऱ्यात शेपटं भिंतीला लावत नाहीत, त्या ओकाला लावतात, त्याच्या आज्याच्याही आधीपासून. नेम चुकला की वर कुणाचं तरी लक्ष जातं. वर म्हणजे कुठे, ते त्याला नीट सांगता येईना. नुसतं बोट वर केलं आणि स्वतः मान खाली घातली. म्हणाला, त्या वरच्याला माणूस हवा असतो. आपण घामाने भिजलेला शर्टाचा तुकडा देतो, त्यावर त्याची समजूत पटते. म्हणाला, त्या चिंध्या नव्हेत, ती माणसं आहेत. माणसांच्या बदल्यात दिलेली. तू सगळी परत काढून घेतलीस आणि वर जाऊन त्यांच्यात बसलीस.

लाल चौकडी त्याच्या धाकट्या भावाची, असंही म्हणाला.

त्याने हात जोडायचेच बाकी ठेवले. अस्तर उसव, होतं तिथे ठोक, आणि तुझंही शेपूट दे. मी म्हटलं, भावाचा तुकडा हवा तर तेवढा उसवून देते, त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण बाकी गोष्टी लहान पोरांना सांग. एकट्या बाईला रानातून हाकलायला प्रत्येक गावात एक भूत तयार ठेवलेलं असतं.

विल्डा घाईघाईने निघून गेली. मुरंब्याची रिकामी बाटली न्यायलाही विसरली.

१ नोव्हेंबर

नाकावर टिच्चून चढले. सकाळभर ठीक. ऊन डोक्यावर आलं आणि एकाएकी खारी थांबल्या. सगळ्या. खोडावर जिथे होत्या तिथे चिकटून.

मग खोगीर जड झालं. कुणी मांडीवर येऊन बसावं तसं. दोर करकरला. टोपीवर वरून सालीचा भुगा पडला, थोडा थांबला, पुन्हा पडला. वर खार असेल म्हणावं, तर खारी सगळ्या माझ्या डोळ्यांसमोर.

मी वर बघितलं नाही. मोठ्याने म्हटलं, हे झाड माझं आहे, हवं तर कागद दाखवते. भुगा थांबला. बघ! घाबरलं तेच.

घरी आल्यावर मात्र कढत कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला.

६ नोव्हेंबर

शब्द दिला होता म्हणून लाल चौकडी उसवायला बसले. चार टाके निघाले आणि मनात आलं, सगळंच उसवून टाकावं. भीती नाही. नुसती कटकट नको. अस्तर अर्धं मोकळं करून टेबलावर ठेवलं. उरलेलं उद्या.

७ नोव्हेंबर

अस्तर शिवलेलं आहे.

सगळं. मी उसवलेलं ते सुद्धा. आणि टाका माझा नाही. आपला टाका शिवणारीला अक्षरासारखा ओळखता येतो, आणि हा आतून बाहेर घातलेला आहे. कापडाच्या आत बसून कुणी शिवावं तसा. दोरा नाहीच. झाडाच्या अंतरसालीचा तंतू आहे. ओला.

कात्री लावली. तंतू तुटेना. कात्रीचं पातं मात्र तुटलं.

डेल्बर्टकडे गेले. मला पाहून तो एवढंच म्हणाला, निघ इथून, आजच, खोगीर इथेच टाकून. विल्डा म्हणाली, भावाकडे जा गं, तुझी माणसं आहेत तिथे. मी म्हटलं, तिथे माझी फक्त एक खाट आहे. माझं जे काही आहे ते इथे.

खोटं कशाला लिहू, रडले मी त्यांच्या ओसरीवर. पण जाणार नाही म्हणजे नाही.

१० नोव्हेंबर

तिघांनी मिळून ठरवलं. अस्तर निघत नाही, तर अख्खं खोगीरच ओकाला ठोकायचं. डेल्बर्टने लांब खिळे आणले. माझ्या शर्टाचं शेपूटही कापलं शेवटी, माझ्याच हाताने. तेवढं त्या दोघांसाठी केलं. सगळं ठोकलं. डेल्बर्ट टोपी काढून उभा राहिला. मी नाही काढली.

विल्डाने घेवडा आणि डुकराचं मांस शिजवलं होतं. तिघं पोटभर जेवलो. झालं एकदाचं.

१२ नोव्हेंबर

ओक मोकळा आहे. खिळे सरळ, जागच्या जागी. माझं शेपूट तेवढं खाली मातीत पडलेलं. वरच्याने घेतलं नाही. परत केलं.

खोगीर पॉपलरवर आहे. मी बांधायचे त्याच्याही खूप वर, दोराला लटकलेलं. आणि रिकामं खोगीर सैल लोंबतं ना — हे फुगलेलं आहे. आत कुणी रेलून बसावं तसं गोल. वारा नाही, तरी हळूहळू वळतं. मी ज्या बाजूला जाईन त्या बाजूला.

१५ नोव्हेंबर

ग्लेनचा फोन. येतोय नक्की, सगळे येताहेत. मग म्हणाला, आवाज का गं तुझा असा, खोली झाडून ठेवू का? मी म्हटलं, ताटं आण जास्तीची.

फोन ठेवून भिंतीला पाठ लावून बसले. खोगीर खिडकीतून दिसतं. आता आणखी वर गेलंय.

१९ नोव्हेंबर

डेल्बर्ट येत नाही. विल्डा कुंपणापर्यंत आली, पाव ठेवला, वर न बघता गेली.

दुपारी छपरावर भुगा पडतो. सालीचा. घरावर झाड नाही.

२१ नोव्हेंबर

आज कुशी दुखते. दोन्ही. पट्टा रुतल्याचे वळ आहेत. मी खोगीर घातलेलं नाही. दहा तारखेपासून हात लावलेला नाही.

ते माझ्या मापाचं आहे. माझ्याच मापाने शिवलं मी.

बस झालं. पळाले तर जन्मभर त्या खोलीत, इस्त्रीच्या कपड्यांशेजारी, वर छताकडे बघत. नाही. चढते, दोर कापते, खाली पाडते, चुलीत घालते. माझ्या हाताने शिवलंय, माझ्याच हाताने जाळीन.

२३ नोव्हेंबर

सकाळ. स्वच्छ ऊन. शिडीचे तुकडे कमी पडले, पण पुढे ते लागलेच नाहीत — खोडाला पाय टेकायला खाचा आहेत. जुन्या. पट्ट्यांनी झिजलेल्या. वरपर्यंत. माझ्या आधीही चढले आहेत लोक.

खोगिराशी पोचले. सुरी काढली.

आता मी त्यात बसलेली आहे. कधी बसले आठवत नाही. बकल लावलेलं आहे. उघडत नाही. पेन्सिल हाताला लागली म्हणून लिहितेय. 

उबदार आहे. किती जण आहेत यात. कुणीतरी माझ्या पाठीशी श्वास घेतं, डेल्बर्टसारखाच तंबाखूचा वास. तरुण आहे. तो घाबरलाय. माझ्याहून जास्त.

दोर वर चाललाय. एक हात. थांबला. एक हात. विहिरीतून बादली ओढतात तसा.

खाली ग्लेनची गाडी आली! थँक्सगिव्हिंगच्या एक दिवस आधीच. हाक मारली. दार उघडतो, इकडे तिकडे बघतो, वर बघत नाही. ओसरीवर मशीन आहे तिथे उभा राहिला. मी ओरडतेय, त्याला ऐकू कसं —

घर लहान दिसतंय. पॉपलर इतका उंच नाही. मला माहीत आहे, नाहीच —

ठीक आहे. दोर कापते. हाडं मोडतील, मोडू देत. पडले तर माझ्याच जमिनीवर पडेन.

कापला. पूर्ण कापला. तुटकं टोक माझ्या मांडीवर आहे.

मी पडत नाहीये.

वर चाललेय. अजून. हळू.

मागचा पोरगा रडतोय. त्याला म्हटलं, गप. मी आहे ना. सुरी आहे माझ्याकडे.

भुगा तोंडावर येतोय, आता जवळूनच. इतके दिवस मान खाली घातली, चुकलंच ते. बघतेच आता वर. ए! कोण रे तू? माझ्या झाडावर बसून मला ओढणारा तू को